सरळ केलेला खांब

आषाढ लागला की आमच्या महाडच्या बाजारपेठेत सामान वर चढू लागतं. कापडवाला गठ्ठे माळ्यावर नेतो, किराणावाला खालच्या फळ्या रिकाम्या करतो, आणि मी माझ्या स्टुडिओतला प्रिंटर, दिवे, कॅमेऱ्याच्या पेट्या जिन्याने वरच्या खोलीत पोचवते. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. सावित्रीचं पाणी तांबडं होऊन काठाला घासू लागलं की हात आपोआप चालू लागतात.

यंदा हे काम चालू असतानाच बिरवाडीहून एक बाई आली. कारखान्यात पॅकिंगला आहे, तिथेच खोली घेऊन राहते. तिला फोटोग्राफी शिकायची होती. मोबाइलवर तिने तीन कॅमेऱ्यांची चित्रं काढून आणली होती, आणि यातला कुठला घेऊ, एवढंच तिला विचारायचं होतं. पूर्वी असा प्रश्न आला की मी तासभर बोलायचे. सेन्सर केवढा हवा, लेन्स कुठली, कमी उजेडात कुठला चांगला चालतो. या खेपेला मी तिला विचारलं, सकाळी बिरवाडीहून इथवर येताना काय काय दिसलं? तिला वाटलं मी टाळते आहे. म्हणाली, काय दिसणार, पाऊस. गणपतीनंतर ये, निवांत बोलू, असं सांगून मी तिला लावून दिलं. ती जराशी रागावूनच गेली.

तिला काय सांगायचं ते मला ठाऊक आहे. पण ते एका वाक्यात मावत नाही. त्यासाठी काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यापासून आणि त्यापुढच्या पावसापासून सुरुवात करावी लागते, आणि तिथपर्यंत जायला मन धजत नाही.

त्या उन्हाळ्याआधीचा अख्खा हिवाळा मी कॅमेरा निवडण्यात घालवला होता. नवरा कारखान्याच्या पाळीवर गेला की मी व्हिडिओ लावायचे. दोन कॅमेरे शेजारी ठेवून एकाच फुलाचे फोटो काढणारे लोक असतात. त्यांचं बोलणं मला तोंडपाठ झालं होतं. शेवटी पुण्याला जाऊन, दुकानात एक कॅमेरा हातात घेऊन, चार वेळा बटण दाबून पाहिलं आणि घेतला. त्याच्यासोबत एक लेन्स घेतली. ती लेन्स अशी होती की समोरच्या माणसाची पापणीन् पापणी मोजून घ्यावी, आणि त्याच्या मागचं सगळं मात्र लोण्यासारखं विरघळून जावं. लग्नाच्या फोटोत मागे खुर्च्यांचे ढीग असतात, पाण्याचे पिंप असतात, जांभया देणारे पाहुणे असतात. ते सगळं नाहीसं होणार आणि नवरी तेवढी उरणार, याचा मला किती आनंद झाला होता.

पहिलं काम आलं ते पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतलं. आंबेनळीच्या घाटाकडे जाताना डावीकडे एक कच्चा रस्ता फुटतो, त्याच्या टोकाला ही वाडी होती. दहा-बारा घरं, उतारावर एकाखाली एक. नाव लिहीत नाही. आता त्या नावाचं तिथं काही उरलेलं नाही. निम्म्या घरांतले पुरुष मुंबईला. अश्विनी नावाच्या मुलीचं लग्न होतं, वैशाखातलं. हळदीचा एक दिवस आणि लग्नाचा एक, असे दोन दिवस मी तिथं होते. मांडवामागे डोंगराचा उतार उभा होता, वाळल्या गवताने पिवळाधमक. अश्विनीला मी त्या उतारासमोर उभी केली आणि नवी लेन्स लावली. स्क्रीनवर पाहिलं तर तिच्यामागे नुसतं सोनं सांडलं होतं. इतका सुंदर फोटो मी त्याआधी काढला नव्हता. तो मोठा करून मी स्टुडिओच्या काचेत लावला.

लग्नानंतर पंधराएक दिवसांनी त्याच वाडीतून सुनंदा आली. ती तिथल्या अंगणवाडीची सेविका. चाळिशीच्या अलीकडची, बोलणं कमी, चालून आल्यामुळे पायांवर धूळ. लग्नात तिने मला एकदा घरी नेऊन भाकरी वाढली होती, म्हणून ओळख होती. काचेतल्या अश्विनीकडे तिने क्षणभर पाहिलं आणि मग स्वतःचा फोन पुढे केला. त्यातले आठ फोटो कागदावर हवे होते. कचेरीत अर्ज द्यायचा होता आणि अर्जासोबत फोटो जोडा असं तिला सांगण्यात आलं होतं.

कसला अर्ज, मी विचारलं. तिने सांगितलं ते मी एका कानाने ऐकलं, हे आज कबूल करते. वाडीच्या वर जमिनीला भेग पडली होती. आधी बोटभर होती, आता पाय जाईल एवढी झाली होती. पाण्याचा झरा होता तिथून सरकून खाली फुटत होता, आणि उन्हाळ्यातसुद्धा गढूळ येत होता. दोन घरांच्या दारांची कडी लागेनाशी झाली होती. लोक म्हणत होते लाकूड फुगलं. "वैशाखात लाकूड फुगतं काय, ताई?" एवढं एकच तिने मला विचारलं.

मी तिचे फोटो पाहत होते. फोनच्या लेन्सवर तेलकट बोट फिरलेलं, त्यामुळे सगळ्यावर धुरकट पडदा. उजेड चुकलेला. सगळे वाकडे. एका फोटोत जमिनीवरची भेग आणि तिच्याशेजारी सुनंदाची चप्पल. दुसऱ्या फोटोत पुन्हा तीच भेग, तीच चप्पल. एकात विजेचा खांब आणि त्याच्यामागे एका घराचा कोपरा. मी तिला म्हटलं, फोटो काढताना लेन्स पदराने पुसत जा, आणि फोन सरळ धर. ती बरं म्हणाली.

मग मी ते फोटो नीट केले. माझं काम मी नीट करते असा माझा लौकिक आहे. धुरकटपणा काढला, रंग उठवले. चप्पल घाण दिसत होती म्हणून ती कापून टाकली. आणि वाकडा फोटो समोर आला की माझा हात थांबत नाही. खांब धरून अख्खा फोटो फिरवला आणि खांब उभा, ओळंब्यात आणला. छान चकचकीत कागदावर आठ प्रिंट काढून पाकिटात घालून दिल्या. ती त्या न बघताच घेऊन गेली, कारण तिला परतीची एसटी गाठायची होती.

आठवडाभराने ती परत आली. पाकीट टेबलावर ठेवून उभी राहिली. कचेरीतल्या साहेबांनी फोटो पाहिले होते आणि म्हणाले होते की बाई, खांब तर सरळ उभा आहे, आणि भेग म्हणता ती केवढी आहे हे यात कळत नाही. उन्हाळ्यात जमिनीला तडे जातातच. तिने खांबाचा फोटो काढून माझ्यासमोर धरला.

"ताई, ह्यो खांब सरळ कसा झाला? मी वाकडाच काढला व्हता."

मी म्हटलं, अगं, मी सरळ केला, फोटो वाकडा होता ना.

"फोटो सरळच हाय माजा. खांब वाकडा हाय."

मी फोन मागून घेतला आणि मूळ फोटो पुन्हा पाहिला. यावेळी पाहिला. खांबामागचं घर खरंच सरळ होतं. दाराची चौकट, भिंतीची कड, सगळं उभं. एकटा खांब डोंगराकडून घराकडे कलला होता. माझ्या प्रिंटमध्ये खांब उभा होता आणि घर मागे रेललं होतं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. चप्पल तिने मापासाठी ठेवली होती. पहिल्या फोटोत भेग चपलेच्या पट्ट्याएवढी होती, शेवटच्या फोटोत चप्पल तिच्यात आडवी पडली असती. दर सोमवारी, मुलांची वजनं घेऊन झाली की, ती डोंगरावर जाऊन त्याच जागी तीच चप्पल ठेवून फोटो काढत होती. तिच्या त्या ओंगळ आठ फोटोंत महिनाभराचा हिशोब ओळीने लागला होता आणि मी तो पुसून तिला दिला होता.

मला तेव्हा हसू आलं, हेही लिहायला हवं. ओशाळवाणं, पण हसूच. चूक झाली गो, म्हटलं, आणि लगेच नव्या प्रिंट काढून दिल्या, होत्या तशा, चपलेसकट. पैसे घेतले नाहीत. तेवढ्यावर माझ्या मनातून तो विषय मिटला. तिने त्या पुन्हा नेऊन दिल्या. तोवर मृग लागून गेला होता, रस्ता चिखलाचा झाला होता, आणि पाहणीला माणसं पाऊस उघडल्यावर येतील असं तिला सांगितलं गेलं.

हे फोटो कचेरीला आठ-दहा दिवस आधी मिळाले असते तर काय झालं असतं, हे मला कुणीच सांगू शकत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. नवरा मला हेच सांगतो, आणि तो सांगतो ते बहुधा खरं असेल. पण तो हे सांगतो तेव्हा माझ्याकडे बघत नाही.

पुढचं सगळं मला सुनंदाकडून आणि तिच्या वाडीतल्या लोकांकडून कळलं. आषाढात पाऊस असा लागला की चार दिवस डोंगर दिसला नाही. सुनंदा घरोघर फिरत होती. पलीकडच्या टेकाडावर शाळा आहे, तिथं चला म्हणत होती. भाताची लावणी अर्धी राहिली होती, गुरं होती, चुली पेटवायच्या होत्या, कोण जाणार. काही बायका तिच्यावर चिडल्या. अभद्र बोलू नये, बोललं की होतं, असं तिला तोंडावर ऐकवलं. तरी तिने आधी अंगणवाडीतली मुलं नेली, कारण मुलं तिचं ऐकायची. मुलांमागे आया गेल्या. आयांमागे काही म्हातारी माणसं. पाचव्या दिवशी सकाळी झरा एकाएकी आटला तेव्हा ती पुन्हा वाडीत गेली, प्रत्येक दार वाजवलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला डोंगर आला. ती तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात होती. आवाज झाला का, असं पुष्कळ जणांनी तिला विचारलं आहे. ती म्हणते, आवाज नंतर आला. आधी झाडं चालताना दिसली.

सहा माणसं गेली. शाळेत बत्तीस होती.

त्या दुपारी मी स्टुडिओच्या वरच्या खोलीत होते. खाली छातीभर पाणी, फोन बंद, आणि मी कॅमेऱ्याची पेटी कोरडी राहावी म्हणून ती कपाटावर ठेवून, वर प्लास्टिक घालून, तिच्याकडे बघत बसले होते. वाडीची बातमी मला तिसऱ्या दिवशी कळली. कशेडी घाटाकडची वाहतूक बंद, आंबेनळी बंद. पाचव्या दिवशी मी एका जीपने निम्म्यापर्यंत आणि पुढे पायी वर गेले. कॅमेरा नेला होता. दोनेकशे फोटो काढले. उजेड, चौकट, कशात चूक काढता येणार नाही असे फोटो आहेत ते. लाल मातीची एक लांबच लांब जीभ आणि तिच्यावर उभी माणसं, हातात काही नसलेली. मी ते पुन्हा उघडून पाहिलेले नाहीत.

पाहिले ते लग्नाचे फोटो. पाहावेच लागले, कारण श्रावणात लोक येऊ लागले. आधी अश्विनी आली. तिची आई गेली होती. हार घालायला आईचा एक फोटो हवा होता. घरातले सगळे फोटो मातीखाली गेले होते. मी तिला खुर्ची दिली आणि अकराशे फोटो एकेक करून लावले. आई बहुतेक फोटोंत होती. नवरीच्या मागे, हातात ताट घेऊन. नवरीच्या मागे, कुणाला तरी बोलावताना. आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या त्या लेन्सने तिला विरघळवून टाकलं होतं; जांभळ्या लुगड्याचा एक डाग आणि त्यावर चेहऱ्याच्या जागी फिकट गोळा. पाठवणीच्या फोटोत ती स्पष्ट आहे, पण तोंड मुलीच्या खांद्यात आहे. अंबाडा दिसतो फक्त. अश्विनीने विचारलं, हे मागचं साफ करता येत नाय का? मी म्हटलं, नाही येत. का नाही येत ते तिला सांगवलं नाही.

एक फोटो मात्र निराळा निघाला. हळदीच्या सकाळी, लेन्स बदलण्याआधी, उजेड तपासायला म्हणून जुन्या साध्या लेन्सने काढलेला. त्यात कुणी नवरी नाही. मांडव, घरं, उतार, सगळं सारखंच स्पष्ट. मी तो टाकाऊ फोटोंत ढकलला होता. मोठा करून पाहिला तर पिवळ्या गवतात डावीकडून उजवीकडे एक काळी रेघ गेलेली दिसते. म्हणजे ती माझ्या कॅमेऱ्यातही होती. माझ्याच डोळ्यासमोर, दोन दिवस.

अश्विनीच्या आईचा फोटो शेवटी सुनंदाच्या फोनमध्ये मिळाला. तिच्या फोनमध्ये सगळी वाडी होती. पोषण आहाराची नोंद म्हणून काढलेले फोटो, मुलांच्या वजनाचे, हळदीकुंकवाचे, कुणाच्या शेळीला दोन पिल्लं झाली त्याचे. अश्विनीची आई एका फोटोत अंगणवाडीच्या पायरीवर बसून नातेवाइकाच्या पोराला खिचडी भरवते आहे. उजेड पाठीमागून, लेन्स तेलकट. पण ती त्यात आहे. तोंड थोडं उघडं, जसं भरवताना आपलंही उघडतं तसं. मी तो फोटो छापला. रंग उठवले नाहीत, काही कापलं नाही, काही सरळ केलं नाही. पुढच्या पंधरा दिवसांत असे बरेच छापले. सुनंदा महामार्गाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, तिथून एसटीने यायची, माझ्या शेजारी बसायची आणि कोण कुठल्या फोटोत आहे ते सांगायची. तिला शोधावं लागायचं नाही. कुठल्या दिवशी कोण कुठं उभं होतं ते तिला माहीत असायचं.

ती अशीच एका दुपारी बसली होती तेव्हा संगीता आली. मुंबईत असते, मुलाची दहावी म्हणून वर्षभर गावी फिरकलेली नव्हती, आणि त्याआधीही दोन वर्षं या ना त्या कारणाने राहूनच गेलेलं. तिचे वडील रामजीतात्या त्या सहांतले. घरात एकटेच राहायचे. सुनंदाचे ते चुलत सासरे. त्या दिवशी सुनंदाने त्यांचं दार दोनदा वाजवलं होतं, आणि पाऊस जरा बारीक होऊ दे, येतो, असं ते दोन्ही वेळा म्हणाले होते.

त्यांचा फोटो कुठेच नव्हता. माझ्या अकराशेत नव्हता, सुनंदाच्या फोनमध्येही नव्हता. फोन दिसला की ते उठून बाजूला व्हायचे. संगीताकडे एक होता, वीस वर्षांपूर्वीचा, काळ्या मिशांचा. तो तिने आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, असे नव्हते हो ते आता. आता कसे दिसत होते तेच मला माहीत नाही.

 सुनंदाने पदराने हात पुसले आणि सांगायला लागली.

"बारीक झालं व्हतं. तू धाडलेला तपकिरी स्वेटर मे महिन्यात पन घालायचं. उजव्या डोल्यात मोतीबिंदू व्हता, मंग कोनी आलं का मान अशी वलवून डाव्या डोल्यानी बघायचं. म्होरचा दात पडल्यापास्नं हसताना तोंडावर हात ठेवायचं. अकरा वाजता पोरांच्या जेवनाला पायरीवर येऊन बसायचं. मला सांगायचं, संगीला फोन लाव. लावला का म्हनायचं, ऱ्हाऊ दे, ती कामात असंल."

संगीताने डोळे मिटून घेतले होते. अजून सांग, म्हणाली. सुनंदा सांगत राहिली. त्यांची टोपी कशी असायची, पाणी पिताना ते पेला कसा धरायचे, चालताना कुठला पाय आधी टाकायचे. पाऊण तास झाला असेल. बाहेर एक गिऱ्हाईक पासपोर्टच्या फोटोसाठी येऊन उभं होतं, तेही थांबून राहिलं. हळूहळू संगीताचा चेहरा असा झाला, की समोर कुणीतरी येऊन बसलं आहे.

मग सुनंदा माझ्याकडे बोट करून संगीताला म्हणाली की तात्या ताईंच्याही ओळखीचे होते. लग्नाच्या दोन्ही दिवशी ताईंची कॅमेऱ्याची बॅग धुळीला लागू नये म्हणून तेच मांडीवर घेऊन बसले होते.

संगीताने डोळे उघडले. "तुम्ही पाहिलं होतंत ना त्यांना?"

बॅग मला आठवली. ती परत देणारे दोन हात आठवले. त्या हातांच्या वर काही आठवत नव्हतं.

हो, मी म्हणाले, पाहिलं होतं.